भांडखोरांनी उभारलेला देश

१७९२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्याच दोन मंत्र्यांना स्वतंत्र पत्रे लिहिली. एक परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन, दुसरे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन. दोघांत विस्तव जात नव्हता आणि त्यांचे भांडण आता वर्तमानपत्रांतून चव्हाट्यावर आले होते. जेफरसन यांनी फिलिप फ्रेनो या कवीला आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार नेमले होते. भाषांतर नावापुरते, फ्रेनो यांचा खरा उद्योग म्हणजे 'नॅशनल गॅझेट' काढणे आणि त्यातून हॅमिल्टन यांच्यावर आसूड ओढणे. हॅमिल्टन यांच्या बाजूच्या पत्राला सरकारी छपाईची कामे मिळत होती आणि त्यात हॅमिल्टन टोपणनावाने जेफरसन यांचे वाभाडे काढत होते. सबुरीने घ्या, एकमेकांना थोडे सांभाळून घ्या, नाहीतर हे सगळे कोसळेल, असे वॉशिंग्टन यांनी दोघांनाही कळवले. उत्तरे आली ती एकाच तारखेची, ९ सप्टेंबरची, आणि नमते कोणीच घेतले नव्हते. हॅमिल्टन यांनी लेखांत आपला हात असल्याचे कबूल केले, खरा अन्याय आपल्यावरच झाला आहे असे सांगितले आणि तूर्त थांबता येणार नाही असेही बजावले. जेफरसन यांचे उत्तर लांबलचक आणि जहरी होते. हॅमिल्टन यांच्या धोरणांचा समाचार घेता घेता त्यांच्या सामान्य कुळालाही चिमटा काढायला ते विसरले नाहीत.

राष्ट्रनिर्मात्यांच्या चरित्रांत असे प्रसंग बहुधा अंग चोरून येतात. थोर माणसांतल्या मतभेदांची नोंद करायची आणि 'शेवटी सर्वांचे ध्येय एकच होते' असे म्हणून पुढे सरकायचे, ही चरित्रकारांची जुनी रीत. अमेरिकेच्या बाबतीत या रीतीने चित्र उलटे होते, असे माझे म्हणणे आहे. या माणसांचे ध्येय एकच नव्हते. देश कशासाठी, कोणासाठी आणि किती मजबूत हवा याबद्दल त्यांची मते परस्परविरोधी होती. ज्या प्रश्नांवर ते उघडपणे, कारणे मांडून, दात-ओठ खाऊन भांडले, त्या प्रश्नांवर टिकाऊ व्यवस्था उभ्या राहिल्या. ज्या एका प्रश्नावर त्यांनी समंजसपणे गुळणी धरली, त्याच प्रश्नाने सत्तर वर्षांनी देश फोडला.

राज्यघटनेपासूनच पाहू. स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा तेरा राज्यांना बांधणारी व्यवस्था अगदी ढिली होती. मध्यवर्ती काँग्रेसला कर लावण्याचा अधिकार नव्हता; ती राज्यांकडे पैसे मागे आणि राज्ये मनात येईल तेवढे देत. मूळ करार बदलायचा तर तेराही राज्यांची संमती लागे. आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याची साधी सूचना १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने हाणून पाडली. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा ते मोडायला काँग्रेसजवळ ना पैसा होता ना फौज. म्हणून १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात परिषद भरली. एकूण ५५ प्रतिनिधी आले, शेवटी सह्या केल्या ३९ जणांनी. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही. कामकाज गुप्त ठेवायचे ठरल्यामुळे ऐन उन्हाळ्यातही बाहेर शब्द जाऊ न देता सभा चालली.

त्या बंद दालनात व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन पूर्वतयारी करून आले होते. केंद्रीय कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्याव्यात ही त्यांची योजना. लहान राज्यांनी ती मानली नाही. मोठी राज्ये आपल्याला गिळतील, अशी त्यांना भीती होती. वाद आठवडेच्या आठवडे चालला आणि १६ जुलैला तडजोड मंजूर झाली. एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारखी मते. बाजूने पाच राज्ये, विरुद्ध चार, आणि मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी निम्मे इकडे निम्मे तिकडे. मॅडिसन हरले. ज्यांना पुढे 'घटनेचे जनक' म्हटले गेले, त्यांच्या आराखड्याचा हा कणाच मोडला होता. तरी ते उठून गेले नाहीत. हॅमिल्टन यांनाही हा मसुदा मनापासून आवडला नव्हता. त्यांना याहून कितीतरी बलवान केंद्र हवे होते. तरीही या दोघांनी जॉन जे यांना सोबत घेऊन घटनेच्या समर्थनार्थ ८५ लेख लिहिले, त्यांतले ५१ एकट्या हॅमिल्टन यांचे. न आवडलेल्या तडजोडीची वकिली इतक्या हिरिरीने करणारे वकील विरळाच.

विरोधकही काही कच्चे नव्हते. जॉर्ज मेसन यांनी परिषदेत शेवटपर्यंत भाग घेऊन सही नाकारली, कारण मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची सनद नव्हती. मसुदा राज्यांच्या मंजुरीसाठी गेल्यावर पॅट्रिक हेन्री यांनी व्हर्जिनियाच्या सभेत तोफ डागली. मंजुरी मिळाली ती काठावर: मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. हक्कांची सनद निरर्थक आहे, कागदी कुंपणाने बहुसंख्याकांची मुजोरी थांबत नाही, असे मॅडिसन यांचे सुरुवातीचे मत होते. पण काँग्रेसच्या निवडणुकीत मतदारांसमोर जाताना त्यांना पवित्रा बदलावा लागला. प्रतिस्पर्धी होते जेम्स मन्रो, तेही हक्कांच्या सनदेचा आग्रह धरणारे. मॅडिसन यांनी सनदेचे आश्वासन दिले, निवडून आले आणि स्वतःच दुरुस्त्यांचा मसुदा मांडला. १७९१ च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या त्या दहा दुरुस्त्या आज अमेरिकी माणूस घटनेचा आत्मा मानतो. भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य, ज्यूरीसमोर खटला ही कलमे घटनेच्या पुरस्कर्त्यांच्या दूरदृष्टीतून आलेली नाहीत. हरलेल्या विरोधकांनी ती त्यांच्याकडून वसूल केली.

कर्जाचे प्रकरण याहून बोलके आहे. जानेवारी १७९० मध्ये हॅमिल्टन यांनी काँग्रेसला अहवाल सादर केला. युद्धात काढलेले कर्ज केंद्राने पूर्ण किमतीने मान्य करावे आणि राज्यांची युद्धकर्जेही स्वतःच्या डोक्यावर घ्यावीत, असे त्यांनी सुचवले. यामागचा हिशेब सरळ होता. धनको ज्याच्याकडून पैसे येणे असतात त्याचे भले चिंततो. ते येणे केंद्राकडे गेले की पैसेवाले लोक राज्यांऐवजी केंद्राच्या बाजूला उभे राहतील. पण रोख्यांची गोष्ट गुंतागुंतीची होती. लढून आलेल्या सैनिकांना पगाराऐवजी कागद मिळाले होते आणि गरजेपोटी अनेकांनी ते मातीमोल भावाने सट्टेबाजांना विकले होते. आता पूर्ण किंमत मिळणार ती सट्टेबाजांना. मूळ धारकालाही वाटा द्या, अशी सूचना मॅडिसन यांनी मांडली. ती ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली. राज्यांच्या कर्जाच्या प्रश्नावर मात्र मॅडिसन यांची सरशी झाली, कारण व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपले कर्ज बरेचसे फेडले होते आणि दुसऱ्याचे ओझे वाहायला ती तयार नव्हती. कोंडी फुटली ती जूनमध्ये, न्यूयॉर्कला जेफरसन यांच्या घरी झालेल्या जेवणाच्या वेळी. मॅडिसन यांनी विरोधाची धार कमी करायची आणि बदल्यात राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीकाठी न्यायची, असा सौदा ठरला. वॉशिंग्टन शहर आज जिथे आहे तिथे असण्याचे कारण हे जेवण. आपल्याला फसवले गेले, असे जेफरसन पुढे म्हणत राहिले. ते तितकेसे खरे वाटत नाही. सौद्यात त्यांनाही घसघशीत मिळाले होते.

कर्जाच्याच प्रश्नावर आणखी एक वाद या अहवालाआधी सुरू झाला होता. जग जिवंत माणसांचे आहे, एका पिढीला पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा अधिकार नाही, म्हणून प्रत्येक कायदा आणि कर्ज एकोणीस वर्षांत संपावे, असे जेफरसन यांनी १७८९ मध्ये मॅडिसन यांना लिहिले. मित्राला मॅडिसन यांनी शांतपणे उत्तर दिले, की मागची पिढी काही कर्जे पुढच्यांच्याच भल्यासाठी काढते, आणि दर काही वर्षांनी सगळेच संपणार असेल तर कोणाचाही कशावरही विश्वास उरणार नाही. भारतीय वाचकाला हा विचार अगदीच परका नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनादुरुस्तीची पद्धत सोपी का ठेवली हे सांगताना जेफरसन यांच्या पिढ्यांविषयीच्या याच भूमिकेचा हवाला दिला होता.

राष्ट्रीय बँकेचा वाद १७९१ चा. काँग्रेसने विधेयक संमत केले, पण बँक काढण्याचा अधिकार घटनेत कुठेच लिहिलेला नव्हता. वॉशिंग्टन यांनी सही करण्यापूर्वी मंत्र्यांकडून लेखी मते मागवली. जे लिहिलेले नाही ते केंद्राला करता येणार नाही, असे जेफरसन यांनी लिहिले. जे काम सोपवले आहे त्यासाठी लागणारी साधने वापरण्याचा अधिकार त्या कामातच अध्याहृत असतो, असे हॅमिल्टन यांनी लिहिले. वॉशिंग्टन यांनी सही केली. अमेरिकेच्या घटनात्मक राजकारणाची निम्मी भाषा या दोन टिपणांतून निघाली आहे आणि दोन्ही पक्ष सोयीप्रमाणे कधी या टिपणाचे, कधी त्या टिपणाचे होतात. बँकेविरुद्ध काँग्रेसमध्ये घसा कोरडा करणाऱ्या मॅडिसन यांनीच अध्यक्ष असताना १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावर सही केली. जेफरसन यांनीही १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरना घेतला. घटनेत त्याचा आधार कुठे आहे याची रुखरुख त्यांना होती, पण ती गिळून त्यांनी व्यवहार उरकला. त्यासाठीचे पैसे रोखे काढून उभे करता आले, कारण हॅमिल्टन यांनी देशाची पत बसवून ठेवली होती.

इथे पहिला आक्षेप येतो. भांडणे इतकी सर्जक असतील तर त्याच सुमारास फ्रान्समध्ये काय झाले? तिथेही क्रांतिकारक भांडलेच, आणि १७९३-९४ मध्ये त्यांनी एकमेकांना गिलोटिनखाली पाठवले. आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतही सगळे सभ्यपणे चालले होते असे नाही. १७९८ मध्ये दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या कारकिर्दीत सरकारवरील टीका गुन्हा ठरवणारा कायदा झाला. व्हर्माँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन तुरुंगात गेले आणि तुरुंगातूनच पुन्हा निवडून आले. १८०४ मध्ये उपाध्यक्ष ॲरन बर यांनी द्वंद्वयुद्धात हॅमिल्टन यांना गोळी घातली. पण फरक आहे. अमेरिकेत हरलेल्याला पुढची संधी उरत असे: पुढची निवडणूक, पुढचे विधेयक, आपल्या राज्याचे विधिमंडळ. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे बर यांना सारखी ७३-७३ मते पडली, ॲडम्स यांना ६५. प्रश्न प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि छत्तिसाव्या मतदानात सुटला. हॅमिल्टन यांनी आपल्या पक्षीयांना जेफरसन यांच्या बाजूने वळवण्यासाठी पत्रांवर पत्रे लिहिली. जेफरसन चुकीच्या तत्त्वांचे आहेत, बर यांना तत्त्वेच नाहीत, हा त्यांचा हिशेब. ४ मार्च १८०१ च्या पहाटे ॲडम्स राजधानीतून निघून गेले, शपथविधीला थांबले नाहीत. राग होता, पण सत्ता सोडली. देशाची पायाभरणी कोणत्या दिवशी झाली असे मला विचारले तर मी ४ जुलै १७७६ सांगणार नाही. मी ही रुसलेली पहाट सांगेन.

आता त्या गप्प बसवलेल्या प्रश्नाकडे. १७९० च्या जनगणनेनुसार सुमारे ३९ लाख लोकसंख्येत जवळजवळ सात लाख गुलाम होते. फिलाडेल्फियात त्यांच्याविषयी चर्चा झालीच नाही असे म्हणता येणार नाही. पण ती झाली ती मोजणी आणि सौद्यांपुरती. दक्षिणेच्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरायची, गुलामांच्या आयातीवर १८०८ पर्यंत बंदी घालायची नाही, पळालेला गुलाम परत करायचा. गुलामगिरी असावी की नसावी, हा ठराव म्हणून समोर आलाच नाही, आणि कलमांत 'गुलाम' हा शब्द येणार नाही याची काळजी घेण्यात आली. १७९० च्या फेब्रुवारीत, कर्जाच्या वादाने रान पेटलेले असताना, त्याच सभागृहात क्वेकर मंडळींचे आणि पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अर्ज आले. दुसऱ्या अर्जावर संस्थेचे अध्यक्ष म्हणून ८४ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिन यांची सही होती. जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी भडकले. फ्रँकलिन यांनी मरणाच्या महिनाभर आधी एक उपहासलेख लिहून त्यांची टर उडवली. पण मार्चमध्ये सभागृहाने नोंदवले ते एवढेच, की राज्यांतील गुलामांच्या मुक्तीत हात घालण्याचा काँग्रेसला अधिकार नाही. विषय निजवला गेला याचे वॉशिंग्टन यांना समाधान वाटले. सैनिकांच्या रोख्यांसाठी जिवाचे रान करणाऱ्या मॅडिसन यांनाही इथे आवाज नको होता.

निजवलेल्या विषयाची किंमत कोण देत होते? ओना जज ही वॉशिंग्टन यांच्या फिलाडेल्फियातल्या घरात मार्था वॉशिंग्टन यांची दासी होती. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे सहा महिने राज्यात राहिलेला बाहेरचा गुलाम मुक्ती मागू शके. म्हणून वॉशिंग्टन आपले गुलाम मुदतीआधी थोडे दिवस राज्याबाहेर पाठवत आणि हे त्यांना किंवा लोकांना कळू नये अशी सूचना त्यांनी आपल्या चिटणीसाला लेखी दिली होती. मे १७९६ मध्ये घरात सामानाची बांधाबांध चालू असताना ओना निसटली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरला गेली. तिला पकडून देणाऱ्याला दहा डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. अध्यक्षांनी तिला परत आणण्यासाठी अर्थखात्याचे जकात अधिकारी कामाला लावले, जमले नाही. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या नजरेत गुलामच होती. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात स्वतःच्या गुलामांना मुक्त केले, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवे. ओना मात्र मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतली, त्यामुळे ती त्यातही बसत नव्हती.

दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गप्प बसले नसते तर दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया संघात आलेच नसते. मग ना घटना, ना बँक, ना ती निवडणूक. म्हणजे ज्या भांडणांचे मी गोडवे गातो आहे ती या मौनाच्या जोत्यावरच उभी होती. १७८७ पुरते मी हे मान्य करतो. पण १७९० मध्ये संघ झालेला होता आणि आयातबंदी कधीपासून घालता येईल तेही ठरलेले होते. जिथे विधिमंडळांनी हा प्रश्न हाती घेतला तिथे तो हलला: पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये, न्यूयॉर्कने १७९९ मध्ये, न्यू जर्सीने १८०४ मध्ये टप्प्याटप्प्याच्या मुक्तीचे कायदे केले. माझ्या विरुद्ध जाणारा दाखलाही आहे. १८३२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळात यावर उघड चर्चा झाली, जेफरसन यांच्या नातवाने क्रमिक मुक्तीची सूचना मांडली, आणि मुक्तीवाले हरले. उलट त्यानंतर कायदे अधिक जाचक झाले. तोवर गुलामगिरी व्हर्जिनियाच्या अर्थकारणात फार खोल रुतली होती, दक्षिणेत कापसातली सरकी काढण्याच्या यंत्राने गुलामांची मागणी वाढवली होती, आणि मुख्य म्हणजे ज्यांचा प्रश्न होता त्यांच्यातला एकही माणूस त्या सभेत बसलेला नव्हता. भांडणातून व्यवस्था उभी राहते ती भांडणाऱ्यांपुरतीच, ही माझ्या मांडणीची मर्यादा यातून स्पष्ट होते.

भिजत घोंगडे पुढे आणखी जड झाले. १८३६ ते १८४४ या काळात प्रतिनिधिगृहाने गुलामगिरीविषयीचे अर्ज न वाचताच बाजूला ठेवण्याचा नियम केला. १७९० मधला संकोच आता नियमावलीत शिरला होता. त्याच्याविरुद्ध एकहाती झुंजले ते जॉन क्विन्सी ॲडम्स, दुसऱ्या अध्यक्षांचे चिरंजीव, स्वतः माजी अध्यक्ष, आणि त्यांनी तो नियम मोडून काढलाच. १८६० पर्यंत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली आणि मग चार वर्षांच्या यादवीत सहा लाखांवर सैनिक मेले.

या मौनाला यादवीआधीच एक तडा गेला होता, तो एका जुन्या वहीने. मॅडिसन यांनी फिलाडेल्फियाच्या बंद दालनातले कामकाज रोज टिपून ठेवले होते. ती टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये छापली गेली. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या एका गटाला त्यांत घटना हाच गुलाममालकांशी केलेला करार असल्याचा पुरावा दिसला. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस आधी याच गटात होते. १८५१ मध्ये त्यांनी मत बदलले. बंद खोलीत कोणाच्या मनात काय होते याने मला बांधता येणार नाही, घटनेच्या मजकुरात जे आहे तेच घटना, आणि त्या मजकुरात गुलामगिरीचे नावही नाही, असे ते मांडू लागले. नाव न घेण्याची ती सावधगिरी त्यांनी मालकांवरच उलटवली. फेब्रुवारी १८६० मध्ये अब्राहम लिंकन यांनी न्यूयॉर्कच्या भाषणात तिसरी वाट धरली: सह्या करणाऱ्या ३९ जणांनी पुढे काँग्रेसमध्ये आणि अन्यत्र काय केले ते त्यांनी एकेक करून तपासले आणि नव्या प्रदेशांतील गुलामगिरीवर नियंत्रण ठेवण्याचा केंद्राला अधिकार आहे असे मानणारे त्यांत किमान २१ दाखवून दिले. संस्थापकांच्या नावाने दक्षिणही भांडत होती, उत्तरही भांडत होती, आणि १७८७ मध्ये ज्यांची पाचाला तीन अशी मोजणी झाली होती त्यांच्यातला एक माणूस आता त्याच घटनेचा अर्थ लावत सभा गाजवत होता.